वाऱ्याची राखण

ऊसतोडीत एकट्या माणसाचा कोयता होत नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोघांनी ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधायच्या, आणि मग त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. आमच्या पाथर्डी तालुक्यात लग्न ठरवतानासुद्धा मुलीची उंची आणि मान बघतात ती याच हिशोबाने. त्यामुळे नवरा तोडीला गेला आणि बायको घरी राहिली, असं आमच्या गावात कुणाच्या घरात झालं नव्हतं. जायचं तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही.

आई फळीवरून पडली त्या सकाळी मी देवळाली प्रवरेच्या शिवारात, कोपीसमोर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीसमोर, भाकरी थापत होते. दवाने फळी ओली झाली होती. मोळीसकट आई कमरेवर आदळली आणि तिला उचलून आणावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण यापुढे ओझं उचलायचं नाही. दादांनी मान हलवली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. डॉक्टरांना मान हलवणं सोपं होतं, मुकादमाला कोण सांगणार? पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तसे आम्ही गावी परतलो. आई घरात भिंतीला धरून चालायची. पुढच्या दसऱ्याला तोडीला निघायची वेळ आली की काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी तोंडाने काढत नव्हतं, पण तो चुलीजवळ आमच्याबरोबर रोज जेवायला बसायचा.

त्याच उन्हाळ्यात गावात जीप आली. नव्वदच्या दशकातला मधला काळ. जीप आली की पुढारी आला असणार, असं धरून लोक पारावर जमायचे. जीपमधले हे लोक मात्र नकाशे घेऊन थेट डोंगरावर गेले आणि उतरून आल्यावर त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बैठक घेतली. त्यातले चष्मेवाले साहेब बोलायला साधे होते. दगडी कोळसा जाळून वीज करतात, त्याचा धूर आभाळात साठतो, आणि गोधडी पांघरल्यासारखी पृथ्वी तापत चालली आहे, असं त्यांनी सांगितलं. आमच्यातले एक म्हातारबाबा म्हणाले, "आमच्याकडं ती कवाच तापली हाय. पाऊस कुठं ऱ्हायलाय?" लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, म्हणूनच वाऱ्यावर वीज करायची आहे. एक कंपनी पवनचक्क्यांत पैसे घालायला तयार आहे, बाकीचं कर्ज बँक देईल. पण बँकेला आधी वर्षभराचा वारा मोजून दाखवावा लागतो. शेतावर कर्ज घेताना जमीन तारण ठेवतात, इथे वाराच तारण ठेवायचा होता.

"वीज आमाला मिळंल का?" कुणीतरी विचारलं.

"ती तारेतून पुढे जाईल," साहेब म्हणाले. "पण रस्ता होईल. राखणदार लागतील, कामगार लागतील."

डोंगरावरच्या पठाराच्या सगळ्यात जवळ, उताराला, आमचं तुकडाभर रान आणि घर होतं. पठारावर वारा मोजायचा मनोरा उभा राहणार होता, म्हणून राखणीला दादांना घेतलं. महिन्याला पगार ठरला. चक्क्या उभ्या राहिल्या तर नोकरी कायम, असंही साहेब म्हणाले. दादा घरी आले आणि उंबऱ्यातच बसून म्हणाले, "औंदा जायाचं न्हाई." आई उठली, भिंतीला न धरता दोन पावलं चालली आणि पुन्हा बसली. मी इतकी खूश झाले की धाकट्या भावाला उगाचच एक धपाटा घातला. सातवीचं वर्ष मला पहिल्यांदा गावातच पूर्ण करता येणार होतं. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, द्यायला आला तेव्हा दादांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवला. जाता जाता तो म्हणाला, "वाऱ्याची राखण करतोय म्हनं. पळून गेलं तर कुठं हुडकनार?" दादांनी ते हसण्यावारी नेलं.

मनोरा लोखंडी होता, जाळीचा, चढायला पायऱ्यांसारख्या सळया असलेला. चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. त्याच्या टोकाला आणि मध्यावर हलक्या, काळ्या वाट्या होत्या, त्या वाऱ्यावर गरगर फिरत. बुडाशी कुलूपबंद पेटी होती. तिची किल्ली जीपवाल्या दुसऱ्या साहेबाकडे असे. तो महिन्याने एकदा यायचा, पेटी उघडायचा, त्यातली नखाएवढी चकती काढून दुसरी घालायचा, वर वाट्यांकडे बघून वहीत काहीतरी टिपायचा आणि जायचा. तो असेपर्यंत दादा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. मग घरी येऊन सांगायचे, "आजची मोजनी झाली."

इथेच घोटाळा झाला, पण तेव्हा तो कुणाच्या ध्यानात आला नाही. मोजणी म्हणजे काय, ते दादांना चांगलं ठाऊक होतं. तालुक्याहून मोजणीवाला येतो, साखळी पसरतो, खुणा रोवतो, साखळी गुंडाळून पिशवीत घालतो. जमीन मोजून झाली. कारखान्यावर वजनकाटा असतो, कारकून खुर्चीत बसला की तो चालतो, कारकून जेवायला गेला की सगळ्या गाड्या उभ्या. मोजायला माणूस लागतो. माणूस नसताना काटा, साखळी, वाट्या, सगळं नुसतं पडून असतं, आणि राखणदाराचं काम ते पडून असलेलं नीट सांभाळायचं. वर्षभर मोजणार, म्हणजे वर्षभर महिन्याच्या महिन्याला साहेब येणार, असा दादांनी अर्थ घेतला. मीही तोच घेतला. आमच्या गुरुजींनीही तोच घेतला असता.

ज्येष्ठात वावटळ उठली आणि टोकाची एक वाटी तडकली. जीपवाल्या साहेबाने ती बदलली. रागावला नाही, पण जाताना म्हणाला, "हे बाहेरच्या देशातून येतं. तुझा वर्षाचा पगार घातला तरी येणार नाही. नीट लक्ष ठेव." तो सहज बोलून गेला असेल. दादा मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

त्याला कारण होतं. ट्रकच्या टोळीत जायच्या आधी काही हंगाम दादांनी कारखान्याची टायरची बैलगाडी हाकली होती. गाडी कारखान्याची, बैल आपले. एका हंगामात चाक मोडलं. रस्त्यात खड्डा होता, गाडीत ऊस ठासून भरलेला होता, दोष कुणाचाच नव्हता. तरी चाकाची भरपाई दादांच्या तोडीच्या पैशांतून कापली आणि आम्ही सहा महिने राबून हात हलवत परत आलो. तेव्हापासून दादांचा एक नियमच होता. मालकाच्या वस्तूला कामाशिवाय हात लागू द्यायचा नाही, तिची झीज होऊ द्यायची नाही. कोपीवर घालायला दिलेली ताडपत्रीसुद्धा ते पाऊस नसेल तर घडी घालून ठेवायचे.

मग आषाढ आला. आमच्या पठारावरचा आषाढातला वारा सांगून कळणार नाही. घराच्या पत्र्यांवर आम्ही दगड ठेवायचो, तरी रात्रभर पत्रे दातावर दात वाजावेत तसे वाजायचे. दोरीवर धुणं वाळत घालता यायचं नाही. पाऊस थोडा आणि वारा फार. तेवढ्या पावसानेही झालेल्या चिखलामुळे जीप वर येत नव्हती, साहेबाने निरोप धाडला होता की श्रावण संपता संपता येतो. मनोऱ्यावरच्या वाट्या फिरताना दिसेनाशा झाल्या होत्या, नुसता एक काळा गोळा दिसायचा आणि शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. दादा दिवसभर मान वर करून बघत बसायचे.

एका दुपारी ते आईला म्हणाले, "एखांदं जुनं लुगडं दे गं. सुतळी नगं, तिनं चरा पडंल."

आईने आपलं विटलेलं हिरवं लुगडं काढलं आणि दाताने कड धरून त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या. आम्ही तिघं वर गेलो. वाऱ्याने डोळे उघडता येत नव्हते. दादांनी पट्ट्या कमरेला खोचल्या आणि ते मनोऱ्यावर चढू लागले. आई खाली एका हाताने तार धरून आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून उभी होती. मध्यावर पोहोचल्यावर त्यांनी एका हाताने सळई कवटाळली, दुसरा हात त्या फिरत्या वाट्यांत घातला आणि त्या थांबवून बांधल्या. मग टोकाला गेले. मनोरा हलताना दिसत होता. मी देवाचं नाव घ्यायचं विसरून नुसती आईचा पदर धरून उभी राहिले. उतरले तेव्हा त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. ते हसत म्हणाले, "निजवलं लेकराला."

आषाढ आणि श्रावण असाच गेला. वारं चढलं की बांधायचं, उतरलं की सोडायचं. सोडायचंही चुकवायचं नाही, कारण साहेब कधीही येईल आणि त्याला वाट्या फिरताना दिसल्या पाहिजेत. प्रत्येक वेळी आई खाली उभी असायची. तिने त्या दोन महिन्यांत काही उचललं नाही, हे मी बघत होते. तिची कंबर सरळ व्हायला लागली होती. पोळ्याच्या आधी जीप आली तेव्हा बेताचा वारा होता आणि वाट्या छान फिरत होत्या. साहेबाने वर बघितलं, सगळं जिथल्या तिथे आहे म्हणून दादांच्या पाठीवर थाप मारली. दादांनी ती थाप आईला घरी येऊन दोनदा सांगितली.

दसऱ्याच्या तोंडावर चष्मेवाले साहेब स्वतः आले. गावात कोयते पाजळायला सुरुवात झाली होती. आम्ही घोंगडी अंथरली. साहेब बसले, पाणी प्यायले आणि जड आवाजात म्हणाले, "तुमच्या पठारावर वारा कमी पडतोय."

दादा हसले. खरोखरच हसले. "सायेब, आषाढात आमचं पत्रं उडत्यात. कमी कसं पडंल?"

साहेबांनी पिशवीतून कागद काढून घोंगडीवर पसरला. त्यावर एक रेघ होती, खाली-वर होत गेलेली. त्यांनी बोट फिरवत दाखवलं. वारा वाढत वाढत जातो, रेघ चढते, आणि ऐन चढाला एकदम तळाला येऊन आडवी पडते. मग पुन्हा उठते, पुन्हा पडते. "असे दिवसच्या दिवस वारा शून्य. वाऱ्याचे खरे महिने हेच असतात, यांच्यावरच वर्षाची वीज अवलंबून. यंत्र बिघडलं असेल म्हणून तपासून घेतलं. यंत्र चांगलं आहे. तुम्हाला काही माहीत आहे का?"

दादांना वाचता येत नव्हतं. पण ते त्या रेघेकडे वाकून बघत राहिले. ती कुठे पडली, ते कोणते दिवस, हे त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी सांगितलं. दादांनी बोटांची पेरं मोजली, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांना कळलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "त्या दिसांत म्या वाट्या बांधल्या हुत्या."

"बांधल्या? का?"

"मोडल्या आसत्या तर? वारं बगितलं न्हाई तुमी. तुमी येनार न्हवता, मंग कशाला उगं फिरू द्यायच्या? तुमी येता तवाच मोजता न्हवं?"

साहेबांनी चष्मा काढला. मग हळू आवाजात सांगितलं की तो मनोरा आपला आपणच मोजतो. दिवसा मोजतो, रात्री मोजतो, कुणी असो नसो. आम्ही फक्त मोजलेलं घेऊन जातो.

"आसं व्हय," दादा म्हणाले. मग कागद साहेबांकडे सरकवून म्हणाले, "मंग फुडच्या आषाढात मोजा. म्या हातबी लावनार न्हाई."

ते होण्यासारखं नव्हतं. कंपनीला पैसे याच वर्षी गुंतवायचे होते, त्यावर तिला करात सूट मिळणार होती. खर्ड्याकडच्या डोंगरावर आणि आणखी एक-दोन जागी असेच, आमच्या आधी उभारलेले मनोरे होते, त्यांचा वर्षाचा आकडा पुरा होता. अर्धवट वाऱ्यावर बँक कर्ज देत नाही. मनोरा उतरवून न्यायला माणसं येतील, असं सांगून साहेब उठले. ते वाईट माणूस नव्हते. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "आमच्याकडून सांगायचं राहिलं." आई दारामागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि चहा घेऊन आली, आणि साहेबांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्याच संध्याकाळी दादा मुकादमाकडे गेले. मुकादमाने थट्टा केली नाही, ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी आईने आढ्याला खोचलेले कोयते काढले आणि पाजळायला दिले. हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या दादांनी धुऊन, घडी करून ठेवल्या होत्या. ट्रकमध्ये चढायच्या आधी आईने त्या एकावर एक करून कमरेला घट्ट गुंडाळल्या. दादांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी त्यांना रडताना त्या एकाच दिवशी बघितलं. भावाला सांभाळायला आणि भाकरीला मीही गेले. आईने तो हंगाम पुरा केला. नंतरचेही केले. तिची कंबर पुन्हा सरळ झाली नाही.

मी मोठी झाल्यावर बँकेत लागले, आणि योगायोग असा की काही वर्षं अशाच प्रकल्पांच्या कर्जाच्या टेबलावर बसले. वाऱ्याचे ते कागद, त्या रेघा माझ्या हातून शेकड्याने गेल्या. मोजणी कशी होते, आकडा कसा पुरा करतात, हे मी शिकले. पण मला अजूनही राग येतो. पृथ्वी का तापते, हे त्या साहेबांनी आमच्या सगळ्या गावाला समजावून सांगितलं. गोधडीसकट सांगितलं. ज्याच्या हातात ते यंत्र दिलं, त्याला मात्र ते कसं चालतं हे सांगावंसं कुणाला वाटलं नाही. राखणदाराला काय सांगायचं! कुठलीही फाइल आली की मी विचारते, मनोऱ्यावर राखणीला कोण आहे आणि त्याला काय सांगितलंय? माझे सहकारी हसतात. हसू देत.

पण मला शेवट सांगायचाय तो त्याच दशकाच्या अखेरीचा आहे. मी तेव्हा कॉलेजात होते. आईची कंबर दाखवायला आम्ही तिघं एसटीने पुण्याला निघालो होतो. आषाढच होता. नगर मागे टाकल्यावर गाडी चहाला थांबली. समोरच्या डोंगरावर पांढऱ्या पवनचक्क्या उभ्या होत्या. आमच्यापैकी कुणी त्या आधी बघितल्या नव्हत्या. वारा इतका होता की हॉटेलवाल्याने पुढचं कापड खाली ओढून बांधलं होतं, आणि तरी एकही पातं हलत नव्हतं.

बाकड्यावर खाकी कपड्यातला एक कामगार चहा पीत होता. दादांनी त्याला विचारलं, "इतकं वारं हाय, मंग ह्या थांबल्यात का?"

"वारं लई झालं की त्या आपसूक थांबत्यात, बाबा," तो म्हणाला. "तशी सोयच केल्याली असती. न्हाई थांबल्या तर मोडतील."

दादांनी कप खाली ठेवला. त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आईने तर एका शब्दानेही नाही. दादा डोंगराकडे बघत राहिले. मग आईकडे वळून, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस का?"

"ऐकलं," आई म्हणाली. "मला तवाच ठावं हुतं, तुमचं काई चुकल्यालं न्हाई. लुगडं म्याच फाडून दिलं हुतं की."

दादांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि चारचौघांत, हॉटेलात, तसाच धरून ठेवला. तेवढ्यात कंडक्टरने घंटी वाजवली. एसटीची पायरी आईला उंच पडायची. दादांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही तिला उचलून वर घेतलं.